निळी फुली

ग्लेनिसने मनगटापर्यंत हात पिशवीत घातला आणि डोळे मिटून घेतले. डोळ्यांचा तिथे उपयोग नसतो. जे काही सांगायचं ते बोटंच सांगतात. कांगारूची मादी रात्रीच कधीतरी ट्रकच्या धडकेने पडली असावी. अंग ताठलं होतं, पण पिशवीच्या आत अजून कोमटपणा होता. बोटं तळापर्यंत गेली, कडेकडेने फिरली. पिल्लू नव्हतं. मग तिने आचळं एकेक करून चाचपली. सगळी आखूड, बारीक. म्हणजे पिशवीबाहेर पडून आईच्या मागे हिंडणारं, अधूनमधून आत तोंड घालून दूध पिणारं मोठं पिल्लूही नव्हतं. तसं असतं तर एखादं आचळ बोटाएवढं लांब लागलं असतं आणि मग आजूबाजूची सगळी झुडपं पालथी घालावी लागली असती. तशी पिल्लं आई पडली तरी लांब जात नाहीत. हाकेच्या अंतरावर झुडपात बसतात आणि वाट बघतात.

"सुटलीस बाई," ती मेलेल्या मादीला म्हणाली आणि गुडघ्यावर हात रेटून उठली.

शेपटी धरून तिने ते धूड डांबरावरून कडेच्या सुक्या गवतात ओढत नेलं. हे करावंच लागे. रस्त्यात मढं राहिलं की त्यावर गरुड उतरतात, आणि पोट भरलेला गरुड ट्रकसमोरून वेळेवर उडत नाही. शेवटी तिने गाडीतून रंगाचा डबा आणला, खुळखुळवला आणि मादीच्या कुशीवर मोठी गुलाबी फुली फवारली. फुली म्हणजे पिशवी बघून झाली, कोणी थांबू नका. इतकी वर्षं फवारून तिच्या तर्जनीचं नखही कायमचं गुलाबी झालं होतं. पोरकी पिल्लं वाढवणारी या भागातली सगळी माणसं फुलीवर डोळे मिटून विश्वास ठेवत. सगळी माणसं म्हणजे आता एकटी ग्लेनिसच. पूर्वी चौघी होत्या. एक वारली, एक मुलीकडे शहरात राहायला गेली आणि तिसरीने हाय खाल्ली.

पाऊस गेला तो गेलाच होता. मेंढ्यांना विकतचं गवत घालून घालून शेतकरी टेकीला आले होते. हिरवं म्हणून काही उरलं असेल तर ते रस्त्याच्या कडेला. पहाटेचं दव डांबरावरून ओघळून तिथे साचायचं, तेवढ्यावर एक रेघ जगली होती. ती खायला कांगारू रानातून रस्त्यावर येत, आणि तीन-तीन डबे ओढणारे ट्रक त्यांच्यासाठी थांबत नसत. मनात आणलं तरी थांबू शकले नसते. जिथे दोन घास मिळायचे तिथेच मरण उभं होतं, आणि याला कोणाचाच इलाज नव्हता.

पुढच्या वळणावर आणखी एक मादी दिसली. ग्लेनिसने वेग कमी केला, आणि मग तिला कुशीवरची फुली दिसली. निळी. मेंढ्यांवर खूण करायला वापरतात तो निळा. त्याचा डबा इथे घरटी एक असतो. गेल्या काही आठवड्यांत अशा निळ्या फुल्या तिला बऱ्याच दिसल्या होत्या. म्हणजे पिशव्या बघणारं आणखी कोणीतरी आलं होतं. या मादीला ट्रकने आधीच कडेला भिरकावलं होतं, त्यामुळे ओढायचंही काम नव्हतं. ग्लेनिसचे खांदे आपोआप सैल पडले. तिने दोन बोटं कपाळाला लावून त्या अनोळखी बाईला सलाम ठोकला आणि गाडी पुढे काढली.

पेट्रोल पंपावरच्या दुकानात नोलीन गल्ल्यावर बसली होती. तिच्याकडे पेट्रोलपेक्षा बातम्या जास्त खपत.

"काय गं, निळी फुलीवाली कोण ते कळलं का?" ग्लेनिसने विचारलं.

"वाली कशावरून? वाला असेल."

"पुरुष घालतात होय पिशवीत हात! माझा नवरा अजून कोंबडीच्या पोटात हात घालत नाही. मीच मसाला भरून देते."

"मग त्यालाच विचार की. पहाटे टपाल घेऊन त्या रस्त्याने पहिली गाडी त्याचीच जाते."

"विचारलं. म्हणतो कोणी दिसलं नाही."

"त्याला काय दिसणार डोंबल! परवा माझं टपाल पोलिसांच्या पेटीत टाकून गेला. आता अख्ख्या ठाण्याला माझं पित्ताशय माहीत झालंय."

ग्लेनिस हसली. हसायची सवय मोडली होती, त्यामुळे गालांना जरा ताण पडला. तिने पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढून गल्ल्यावर ठेवला.

"ओटची बिस्किटं आहेत. कोणी निळा रंग घ्यायला आलं तर हा दे. म्हणावं, गुलाबीवालीने दिलाय."

"बयेला मेलेली कांगारू चाचपून वर बिस्किटं खायची आहेत का?"

"हात धुवून खाईल," ग्लेनिस म्हणाली. "मी पण खातेच ना."

घरी स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांच्या पाठींवर पिल्लांना आईच्या पिशवीऐवजी उशांचे जुने अभ्रे टांगलेले होते, वरून लोकरीची खोळ. आज ते रिकामे होते, आणि हे फार दिवसांनी घडत होतं. रिकाम्या खुर्चीवर माणसासारखं टेकून बसता येतं हे ग्लेनिस जवळजवळ विसरली होती. मागच्या उंच कुंपणात तेवढी स्पॅनर आणि वॉशर ही दोन वाढलेली पिल्लं होती. दोघे आता बाटलीच्या वयाचे राहिले नव्हते, पण बाटलीची आठवण त्यांना होती. नावं तिच्या नवऱ्याने, मर्व्हने ठेवलेली. पिल्लांना अवजारांची नावं ठेवली की जीव लागत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि मोडका पानाही या माणसाच्याने फेकवत नसे. दूध कालवायचं, पाजण्याआधी ओल्या कापसाने पुसून त्यांना शू करायला लावायचं, किरकिर थांबली नाही तर खोळ गाडीत टांगून एक चक्कर मारून आणायची, हे सगळं तोही वर्षानुवर्षं करत आला होता. इंजिनाच्या घरघरीवर पिल्लू पाच मिनिटांत झोपतं. पिल्लं वाढवणारी प्रत्येक बाई हेच करते. कोणाची म्हैस आणि कोणाला ऊठबस, असं गावातले लोक या नवराबायकोबद्दल म्हणत. त्यात फारसं खोटं नव्हतं.

मर्व्ह बटाटे सोलत होता तेव्हा लॉय्डची गाडी दारात आली. नदीकाठचं रान लॉय्डचं. त्याच्या आईने ग्लेनिसला तिथे पिल्लं सोडू दिली होती, आणि आईमागे त्यानेही दिली होती. आज तो दारातच टोपी काढून हातात धरून उभा राहिला. इकडच्या माणसाने टोपी काढली की बातमी बरी नसते.

"चॉप्स आणलेत," तो म्हणाला. "कोकराचे."

"मरायच्या आत कापलंस ना?" मर्व्ह म्हणाला.

"चालता येत होतं तोवर."

थट्टाच होती, पण कोणी हसलं नाही. लॉय्डने पुडकं ओट्यावर ठेवलं आणि टोपीची कड फिरवत राहिला.

"ग्लेनिस, यंदा नदीकाठी सोडू नकोस."

"थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. आधी कुंपणात ठेवते, मग दार उघडं टाकते. सवय झाली की आपले आपण जातील. तुझ्या आईच्या वेळेपासून—"

"आई होती तेव्हा गवत होतं." त्याने घसा खाकरला. "मला कांगारू कमी करायचा परवाना मिळालाय. शिकारी लावलेत. पाण्यावर येतात तिथे उभे असतात. तू सोडलेला कुठला आणि आपल्या पायांनी आलेला कुठला, ते बंदुकीला कसं कळणार?"

"मग कुणाच्या रानात सोडू?"

"नाव घे. ज्याचं घेशील त्याच्याकडे परवाना आहे."

लॉय्ड वाईट माणूस नव्हता. असता तर बरं झालं असतं. निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या. त्याच्या मेंढ्यांच्या बरगड्या रस्त्यावरून मोजता येत होत्या, आणि कांगारू त्यांच्या तोंडचं खात होते हेही खरं होतं. तो हे सगळं बोलला तेव्हा ग्लेनिसकडे बघतच नव्हता. मर्व्हकडे बघत होता. मर्व्ह बटाट्याकडे बघत होता, आणि बटाटा केव्हाच सोलून झाला होता. दोघांमध्ये काहीतरी आहे, हे ग्लेनिसला जाणवलं; पण दोन पुरुष अवघडले की असेच दिसतात, असं म्हणून तिने सोडून दिलं.

त्या आठवड्यात तिने ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. लोक गोड बोलले. एकीने तर पाऊस पडला की नक्की बघू म्हणून सांगितलं. स्पॅनर आणि वॉशर कुंपणाच्या आत मोठे होत राहिले, आणि कुंपणाची जागा रोज थोडी लहान दिसायला लागली.

गुरं ओलांडू नयेत म्हणून रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीपाशी मादी पडली होती. ती कडेला नव्हती; रस्त्याच्या मधोमध होती. कुशीवर निळी फुली. ग्लेनिस पुढे जाणारच होती, पण वर दोन गरुड घिरट्या घालताना दिसले, म्हणून थांबली.

"बाई गं, फुली मारतेस तर ओढायला काय होतं?" ती स्वतःशीच म्हणाली. मग तिला वाटलं, म्हातारी असेल बिचारी. पाठ धरली असेल. आपली नाही का धरत?

तिने शेपटी धरून ओढायला सुरुवात केली आणि मादीच्या पोटावरची कातडी हलली. ओढल्यामुळे हलली असेल म्हणून तिने शेपूट सोडली. कातडी पुन्हा हलली.

या वेळी डोळे मिटायचं तिला सुचलं नाही. हात आत गेला आणि तळाशी तो जीव लागला. तळहाताएवढा, केस न आलेला, डोळे न उघडलेला, आचळ तोंडात धरून गारठलेला. हे कोणाच्या हातून सुटण्यासारखं नव्हतं. आत बोट जरी घातलं तरी लागलं असतं. ती मिनिटभर तशीच बसून राहिली, एक हात पिशवीत आणि नजर निळ्या फुलीवर. मग तिने कात्रीने आचळ वरून कापलं. ओढून काढलं तर पिल्लाचं तोंड फाटतं. पिल्लाला आचळासकट अभ्र्यात गुंडाळून तिने आपल्या सदऱ्याच्या आत, छातीशी धरलं. एका हाताने ती घरापर्यंत गाडी चालवत आली. वाटेत कोणी भेटलं नाही, आणि नंतर विचारलं असतं तर तिला रस्ता आठवला नसता.

मर्व्ह टपाल टाकून येऊन जेवायला बसत होता. तिच्या सदऱ्याचा फुगवटा बघून तो इतक्या घाईने उठला की खुर्ची मागे पडली.

"पाणी तापव," ती म्हणाली.

पुढचं सगळं सवयीने झालं. गरम पाण्याची रबरी पिशवी, तिच्यावर लोकर, लोकरीवर पिल्लू. मर्व्हने चष्मा लावला, कोमट पाण्यात साखर-मीठ विरघळवलं आणि बारीक नळीच्या बाटलीने पिल्लाच्या ओठाशी थेंब धरला. थेंब ओठावर तसाच राहिला. त्याने दुसरा धरला. त्याचा हात मोठा, रापलेला, आणि त्या हाताला बाटली अशी धरता येत होती की बुडबुडाही येत नव्हता. ग्लेनिस समोर बसून त्या हाताकडे बघत होती. त्याच्या तर्जनीच्या नखाभोवती, कातडीच्या घडीत, निळी रेघ होती.

"टर्पेंटाइनने निघतो तो," ती म्हणाली.

मर्व्हने बोट लपवलं नाही. बाटली धरलेली होती, ती सोडता येत नव्हती.

"घासलं होतं मी," तो म्हणाला. "फटीत राहतो."

चहाच्या किटलीला उकळी फुटली. उठून ती बंद करायला हवी होती. कोणी उठलं नाही.

"सगळ्या?" तिने विचारलं.

"दिसल्या तेवढ्या."

"आत न बघता."

"बघितलं असतं तर आणावं लागलं असतं."

"दोन-दोन दिवस लागतात रे त्यांना! आईच्या पोटाशी, गारठत. तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. म्हणून तर गाडीतून उतरायचो नाही. खिडकीतूनच फवारायचो."

ग्लेनिसने टेबलाची कड धरली. तिला त्याला मारावंसं वाटलं, आणि हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं. पण त्याच्या हातात पिल्लू होतं.

"मी त्या बाईसाठी बिस्किटं केली होती," ती म्हणाली. "नोलीनकडे ठेवलीत."

"माहितेय. मला म्हणाली ती." त्याने पिल्लाच्या ओठावरचा थेंब टिपला. "रोज तो डबा बघून टपाल द्यायचो."

"का पण? मी दमले होते तर सांगायचं, बाई, बस कर. ऐकलं असतं मी."

"नसतं ऐकलंस."

हे खरं होतं.

"रिव्हेट आठवते?" मर्व्ह म्हणाला.

आठवायला ती विसरली होती कुठे? गेल्या वर्षी नदीकाठी सोडलेली. लंगडी होती लहानपणी, रात्रभर रडायची. गाडीत चक्कर मारल्याशिवाय झोपत नसे.

"लॉय्डने सांगितलं मला. तुला सांगू नको म्हणाला." मर्व्ह बाटलीकडेच बघत होता. "शिकाऱ्याची गाडी आली, तसे बाकीचे पळाले. ती नाही पळाली. इंजिन ऐकून गाडीकडेच आली, दाराशी उभी राहिली. तोंड वर करून."

"पुरे."

"शिकारीही माणूसच ना. खाली उतरून हाकलायला लागला तिला. हुश् हुश् केलं, टोपी फेकून मारली. तिने त्याच्या खिशात तोंड घातलं."

"पुरे म्हटलं ना, मर्व्ह!"

"आपण वाढवतो आणि आपल्या हाताने त्यांच्या दारात नेऊन उभी करतो, ग्लेन. पिशवीत मेलेलं निदान आईपाशी मरतं. मला वाटलं... काय वाटलं ते मलाही धड माहीत नाही. तुला रात्री झोप लागायला लागली होती. एवढंच मला दिसत होतं."

ग्लेनिस उठली, किटली बंद केली आणि खिडकीपाशी पाठमोरी उभी राहिली. तिला त्याचा राग होताच. पण त्या रागाखाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते जास्त टोचत होतं. त्या निळ्या फुल्यांनी तिला जे आठवडे दिले होते, तसे आठवडे तिला कितीतरी वर्षांत मिळाले नव्हते. ती झोपली होती, नोलीनशी हसली होती, खुर्चीला टेकून बसली होती. एकदाही थांबून तिने निळ्या फुलीखालच्या पिशवीत हात घातला नव्हता. विश्वास होता म्हणून घातला नाही, असं तिने स्वतःला सांगून बघितलं. ते तिलाच पटेना.

दुपार कलली तेव्हा पिल्लू मर्व्हच्या सदऱ्यात होतं. ऊब अंगाचीच बरी, म्हणून त्याने ते तिथे ठेवलं होतं आणि वरून हात धरून तो अजिबात न हलता बसला होता. मध्येच त्याने मान खाली घालून आत बघितलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. ग्लेनिसला विचारावं लागलं नाही.

"मी खड्डा खणतो," तो म्हणाला.

"टाकीच्या मागे खण. तिथली माती मऊ आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे मर्व्हने टपालाची पोती गाडीत भरली, पण तो निघाला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. ग्लेनिस सदरा खोचत बाहेर आली. काखेत अभ्रे, हातात गरम पाण्याची पिशवी आणि गुलाबी डबा. ती त्याच्या शेजारी बसली. निळा डबा गाडीत नव्हता. तो कुठे गेला हे तिने विचारलं नाही.

मर्व्हने किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, तसे मागच्या कुंपणातून स्पॅनर आणि वॉशर उड्या मारत आले आणि तारेशी उभे राहिले. दोघांचीही तोंडं वर होती.

गाडीतल्या दोघांनी ते बघितलं. मर्व्हने घाईघाईने गिअर टाकला.

नोलीनच्या दुकानाशी तो टपाल द्यायला उतरला आणि बिस्किटांचा डबा घेऊन परत आला.

"कोणी नेला नाही म्हणाली. मऊ पडतील, घरी न्या." त्याने डबा समोरच्या फळीवर ठेवला. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला आतली बिस्किटं खडखडत होती.

उजाडलं तेव्हा ते जाळीच्या पुढे आले होते. रस्त्याच्या कडेला, हिरव्या रेघेवर, एक मोठी मादी आडवी पडली होती. कुशीवर कुठलीच फुली नव्हती. मर्व्हने गाडी थांबवली. ग्लेनिसचा हात दाराच्या कडीवर गेला.

"तू बस," तो म्हणाला. "मी बघतो."

"तुला जमणार नाही."

"बघतो ना."

तिने कडी सोडली. काचेतून तिला त्याची पाठ दिसत होती. तो गुडघे टेकून बसला, बाही वर केली, आणि थोडा वेळ काहीच करेना. मग त्याचा खांदा पुढे झुकला आणि हात आत गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मान त्याने दुसरीकडे वळवली होती, पण हात लवकर बाहेर काढला नाही. नीट बघत होता. तिने शिकवलं असतं तसाच, तळापर्यंत, मग कडेकडेने. मग हात एका जागी थांबला. थांबलेलाच राहिला. त्याने मान वर केली आणि तो समोरच्या झुडपांकडे बघत राहिला.

मग तो उठला. हात मातीत घासले, पँटला पुसले आणि खिडकीशी आला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"रिकामी आहे," तो म्हणाला. "खरंच, ग्लेन. आत पिल्लू नाही. शपथ."

तो खोटं बोलत नव्हता. एवढी वर्षं एका ताटात जेवल्यावर एवढं तरी कळतंच.

यानंतर विचारायचा एक प्रश्न होता. नवीन आलेल्या प्रत्येक बाईला ती तो प्रश्न पहिल्याच दिवशी शिकवत असे: आचळं बघितलीस? सगळी आखूड होती का? मर्व्हला तो पाठ होता. तो खिडकीशीच उभा होता आणि वाट बघत होता. तिने विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

ग्लेनिसने मांडीवरच्या अभ्र्याची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली. गुलाबी डबा उचलून तिने खिडकीतून त्याच्या हातात दिला.

"मग फुली मार," ती म्हणाली.

त्याने मादीला शेपटी धरून गवतात ओढत नेलं, डबा खुळखुळवला आणि फुली मारली. जरा वाकडीच आली. परत येऊन तो स्टिअरिंगमागे बसला, पण लगेच निघाला नाही. मांडीवरची पाण्याची पिशवी अजून गरम होती. ग्लेनिसच्या बाजूच्या खिडकीतून झुडपं दिसत होती, अगदी हाकेच्या अंतरावर. ती समोर रस्त्याकडे बघत बसली.

"चल," ती म्हणाली. "टपालाला उशीर होतोय."